मंडळी फुटली, भाऊ दुरावला, प्रार्थनेला शब्द सुचेनात

प्रश्न: पाळक (पास्टर) बदलण्यावरून आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन गट पडले. धाकटा भाऊ दुसऱ्या गटात गेला. वादावादीत मी त्याला सगळ्यांसमोर बरंच बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. उपासनेला जाते, शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद झाला की निघते. प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, रात्री झोप नाही. मंडळीतल्या एका बहिणीजवळ मन मोकळं केलं, तर ती म्हणाली, तुझा विश्वास कमी पडतोय. खरंच तसं आहे का?

उत्तर: ताई, त्या बहिणीचं वाक्य आधी मनातून काढून टाका. बायबलमधला संदेष्टा एलीया आठवा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळाला, आणि ईजबेल राणीची धमकी येताच तो रानात पळाला, झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला. देवदूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. ‘मीच एकटा उरलो’ ही तक्रार त्याने होरेब डोंगरावर देवाकडे दोनदा केली, तीही ऐकून घेतली गेली. देवाशी एकनिष्ठ असलेले सात हजार जण अजून शिल्लक आहेत हे त्याला मागाहून कळलं, आणि सोबतीला अलीशा हा शिष्य मिळाला. आधी शरीर, मग मन मोकळं करणं, मग एक माणूस. तुम्हीही याच क्रमाने जा.

म्हणून पहिला प्रश्न झोपेचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच जा, कुणाला तरी सोबत घेऊन. औषध घेतलं म्हणजे प्रार्थनेवरचा भरवसा उडाला असं होत नाही. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंच होतं.

शब्द फुटत नाहीत, कारण बहुधा तुम्ही थेट उपकारस्तुतीने सुरुवात करू पाहताय. मनात राग आणि तोंडी स्तुती असली की घसा कोरडा पडणारच. बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ असा सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं, आणि शेवटच्या दोनांत भरवसा. याच साच्यात वहीत स्वतःच्या चार ओळी लिहा: देवाला हाक, नेमकं काय दुखतंय, नेमकं काय हवंय, आणि आज जेवढा खरा आहे तेवढाच भरवसा. शेवटची ओळ जमली नाही तर कोरी सोडा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच. रोज दहा मिनिटं पुरेत, आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात प्रार्थना करताना विचार भावाशी भांडायला कधी निघून जातात, ते कळतही नाही.

आता माणूस. एकच शोधा, दहा जणांचा प्रार्थनागट सध्या नको. दोन्ही गटांच्या बैठकांना न जाणारी, पोटात गोष्ट ठेवणारी बाई बघा. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत दुसऱ्याचं घर उघडं करणारी असेल, तर तिच्यापासून चार हात लांब राहा. मंडळीतली निम्मी कुजबुज याच वाटेने फिरते. आठवड्यातला एक ठरलेला तास मागा आणि आधीच सांगा: ‘सल्ला नको, ऐका, आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना करा.’ उपासनेत बाक बदला, मधल्या रांगेत या. नंतर दहा मिनिटं थांबून गीतपुस्तकं गोळा करायला लागा. हाताला काम असलं की कुणाशी काय बोलायचं याचं दडपण राहत नाही.

भावाकडे जाताना मंडळीचा वाद आणि तुमचं भांडण वेगळं करा. पहिलं तुमच्याच्याने मिटणार नाही. दुसऱ्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ५:२३-२४ स्पष्ट आहे: आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण तिथंच ठेवून आधी आपण जायचं. आणि मत्तय १८ मधली पहिली पायरी दोघांतच, एकांतात आहे. लोक ती गाळून थेट पंचकमिटीत जातात, मग शरमेने कुणालाच मागे येता येत नाही. (जिथे मारहाण किंवा धमकी आहे, तिथे मात्र एकटीने भेटायला जाऊ नये. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.)

त्याला एवढंच लिहा: ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला बोलले, ते चुकलं. माफ कर. तुला भेटावंसं वाटतं, कधी येऊ?’ त्यात ‘पण’ नको, पाळकांचं नाव नको, बायबलचं वचनही नको. भांडणात पाठवलेलं वचन टोमणाच वाटतं. घरच्या ग्रुपवर तर मुळीच नको. पहिली भेट अर्ध्या-पाऊण तासाची ठेवा. विषय निघालाच तर ‘यात आपलं जुळणार नाही, आज राहू दे’ म्हणा. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा हे मार्क या सहकाऱ्यावरून इतके भांडले की वेगळ्या वाटांनी गेले, आणि पुढे त्याच मार्काला घेऊन ये, तो उपयोगाचा आहे, असं पौलाने तीमथ्याला लिहिलं. त्याला काही वर्षं जावी लागली.

उत्तर आलं नाही तर महिनाभर थांबा आणि एकदाच पुन्हा लिहा, तेही दोन ओळी. रोमकरांस पत्रात (१२:१८), सर्वांबरोबर शांतीने राहा असं सांगतानाही, ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशी मर्यादा घातलेली आहे. या काळात त्याच्या बायकोमार्फत निरोप पाठवू नका, आणि तो काय म्हणाला हे मुलांना विचारू नका.