लातूरच्या रस्त्यावरून आणलेल्या हडकुळ्या कुत्र्याचे वजन सुरक्षितपणे कसे वाढवावे?

हाडांचा सापळा झालेल्या कुत्र्यापुढे मायेपोटी भरलेले ताट ठेवणे हेच सर्वांत धोक्याचे असते, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न पोटात गेले, की रक्तातील फॉस्फरस झपाट्याने घटून जिवावर बेतू शकते. 10 किलोच्या कुत्र्याला नुसत्या विश्रांतीतही दिवसाला सुमारे 400 किलोकॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या चतुर्थांश एवढेच अन्न चार-पाच वेळा विभागून द्यावे आणि आठवडाभरात हळूहळू पूर्ण प्रमाणावर यावे. बिनमिठाचे उकडलेले चिकन किंवा अंडे चालते. कालवणात कुस्करलेली भाकरी मात्र देऊ नये, कारण कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात.

आपल्या मराठवाड्यात अशा अशक्तपणामागे पुष्कळदा जंत किंवा गोचीड ताप निघतो, आणि तो अंगात असेपर्यंत कितीही खाऊ घातले तरी अंगी लागत नाही. कान उलटून व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधाव्यात. ओठ उचलल्यावर हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर त्याच दिवशी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठून रक्त तपासून घ्यावे. जंताच्या औषधाची मात्राही तेथेच वजन पाहून ठरवून घ्यावी.