खो-खोपेक्षा लेझीम बरी, आणि त्याआधी पर्वती

ताई, तुमचा मुलगा सात वर्षांचा, सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात खो-खोच्या वेळी पळून गेला. आता पुण्यात सहकारनगरातल्या चार-पाच स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरांनी मिळून काही सुरू करावं का, असं विचारताय. जरूर करा. पण आधी शिबिरात नेमकं काय बिनसलं ते बघा.

खो-खोत आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसतात. आपली पाळी कधी येणार याचा पत्ता नाही, आणि येते ती पाठीवर थाप आणि कानाशी ओरडा घेऊनच. स्पर्श आणि आवाज दोन्ही झोंबणाऱ्या मुलासाठी याहून कठीण खेळ मला तरी माहीत नाही. ‘त्याला मुलांत मिसळायचंच नाही’ हा शिबिरातल्या दादांचा निष्कर्ष म्हणूनच मला पटत नाही. तो मुलांपासून नव्हे, त्या थापेपासून पळाला असेल.

लेझीम बघा. रांगेत सगळ्यांची तोंडं एकीकडे, पुढचा हात ठरलेला, तेच पुन्हा पुन्हा. कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, कुणी बाद होत नाही, चुकलं तर पुढच्या ठेक्याला परत सामील व्हायचं. अडचण फक्त चकत्यांच्या खणखणाटाची. काही मुलांना नेमका तोच हवा असतो, काही कान झाकून घेतात. अशांना सुरुवातीला नुसती काठी द्या. सूर्यनमस्कारही चालतील, क्रम कधी बदलत नाही.

तरी तुमच्या जागी मी पहिले काही आठवडे फक्त पर्वती चढेन. पायऱ्या १०३, म्हणजे ‘अजून किती?’ला खरं उत्तर आहे, आणि आकडेवेड्या पोरांची तर चैनच. पाठीवर स्वतःची पाण्याची बाटली असलेली छोटी सॅक द्या. चढाचा आणि सॅकचा भार अंगावर आला की बरीच मुलं निवांत होतात; ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ताई ज्याला ‘हेवी वर्क’ म्हणतात ते हेच. पायऱ्या, वरती पाणी, मग घर असे तीन फोटो आदल्या रात्री दाखवून ठेवा. उन्हाच्या आत जा, आणि रविवार टाळा, गर्दी फार असते.

आई-बाबांनी खाली बाकावर गप्पा मारत बसायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. सगळ्यांनी चढायचं, आजोबांना झेपेल तितकं त्यांनीही. भावंडांना मात्र पुढे हुंदडू द्या. ‘दादाचा हात धर’ हे त्यांना घरी दिवसभर ऐकावं लागतंच. आणि एखादं घर विसाव्या पायरीवरून परत फिरलं तर कुणी ‘अहो, थोडंच राहिलंय’ म्हणू नये. तिथे मेल्टडाउन झालं, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटला, तर पुढच्या वेळी ते मूल पायथ्याशीच येणार नाही.

मुलं रुळली की तळजईची टेकडी घ्या, सावली आहे आणि वाट मोकळी. वेताळ टेकडीला पाणी साचलेल्या खाणीच्या बाजूला मात्र जाऊ नका. आपली बरीच मुलं पाण्याकडे ओढली जातात आणि कुणाचं लक्ष नसताना निसटतात, म्हणून प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, मनगटावर फोन नंबरचा पट्टा. याच कारणासाठी पोहणं शिकवाच, पण गटात नको. आधी एकास एक शिकवणारे सर शोधा, आणि टाकी उघड्यावरची बघा. बंद हॉलमध्ये आवाज फार घुमतो.