पहिलीच गाडी जुनी आणि मधूनमधून बंद पडणारी घेणं बेजबाबदारपणाचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी स्वस्तात मिळतेय, 'मधूनमधून बंद पडते' हे मालकाने स्वतःच सांगितलंय आणि घरचे म्हणताहेत, "कर्ज काढ पण नवी घे, बायकापोरांना घेऊन रस्त्यात अडकणं म्हणजे बेजबाबदारपणा." तो शेवटचा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. हाच शब्द मला १९९८ च्या मे महिन्यात चिपळूण-कराड रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटात, सासूबाईंच्या देखत, माझ्या साडूंनी ऐकवला होता.

सरळ उत्तर हवं असेल तर, घ्या. जिचे हप्ते भरायचे नाहीत आणि जिचं बॉनेट उघडायची भीती वाटत नाही, अशीच पहिली गाडी असावी. ज्याला बॉनेट उघडायचंच नाही त्याने नवी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

माझी पहिली गाडी म्हणजे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. १९९७ मध्ये सांगलीच्या एका डॉक्टरांकडून चाळीसेक हजारांना घेतली. नवी मारुती ८०० तेव्हा दोन लाखांच्या आसपास होती. कारखान्याच्या लॅबमधला माझा पगार बघता ती घ्यायची तर कर्जच काढावं लागलं असतं, आणि त्या काळी वाहनकर्जाचं व्याज आजच्यापेक्षा बरंच जास्त होतं. पद्मिनी मुळातली फियाट ११००. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे अखंड बाकडं आणि दाराला ती त्रिकोणी काच, जी फिरवली की वारा थेट छातीवर यायचा. गाडी चांगली होती. पण वायरिंग, रबरी नळ्या, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) कॅप हे सगळं पहिल्या दिवसापासूनचं, एकदाही न बदललेलं. त्यामुळे पावसाळ्यात कॅपमध्ये दमट धरायचं, हिवाळ्यात चोक ओढून विनवण्या कराव्या लागायच्या आणि उन्हाळ्यात चढावर लॉक व्हायची, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन बंद पडायची. कॉलनीतल्या पोरांना धक्का मारायची इतकी सवय झाली होती की मी गेटाबाहेर आलो की पोरं आपोआप मागे येऊन उभी राहायची.

कराडला एक वयस्कर मिस्त्री होते, मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात उमेदवारी केलेले. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "दुरुस्त मी करीन, पण रस्त्यात मी नसणार." आणि रविवारी दुपारी गॅरेज बंद असताना मला शेजारी बसवून शिकवलं. गाडी बंद पडली की आधी करंट बघायचा, म्हणजे प्लगला ठिणगी येते का ते, मग पेट्रोल, मग बाकीचं. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले करंट जोडणारे-तोडणारे दोन ठिपके, काळे पडले तर काड्यापेटीच्या गुलाची बाजू हलक्या हाताने फिरवायची. डिकीत कायम काय काय ठेवायचं, तेही त्यांनीच सांगितलं: पॉइंट-कंडेन्सरचा एक जोड, फॅनबेल्ट, दोन प्लग, पाण्याचा कॅन, टॉर्च आणि दोन सुती पंचे. ते शिकवत असताना माझी बायकोही असायची. तिला माझ्याआधी समजायचं, हे मी लिहून ठेवतो, कारण पुढची गोष्ट तिच्यावाचून पुरी होत नाही.

सासरवाडी गुहागरकडची. मे महिन्यात परत निघालो. आमच्या गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं, चार दिवस राहायला येणाऱ्या सासूबाई, डिकीत हापूसची पेटी आणि एक कापा फणस. मागे साडूंची नवी मारुती. सासूबाई स्वतःच निघणार असूनही जेवल्याशिवाय कुणाला हलू देईनात, म्हणून चिपळूण सोडायलाच दुपार टळली. पोफळी मागे पडली आणि चढ सुरू झाला. कोकणातला मे ज्याने अनुभवलाय त्याला सांगायला नको, झाडाचं पानही हलत नव्हतं. पुढे मालाने भरलेला ट्रक, त्यामुळे दुसऱ्या गिअरवरच रखडत जावं लागत होतं. घाटाचा बराच भाग चढून गेल्यावर गाडीने झटके दिले आणि एका वळणाच्या अलीकडे बंद पडली. हँडब्रेक ओढला, बायकोने उतरून चाकांमागे दगड लावले.

साडू आले. बॉनेटकडे बघितलंही नाही. म्हणाले, "अहो, असल्या गाडीत बायकापोरांना घालून घाट चढणं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा आहे. भंगारात घाला आणि हप्त्यावर एक चांगली उचला." सासूबाई खाली बघत होत्या. मला बोलायचं होतं खूप, पण बायकोच म्हणाली, "दाजी, तुम्ही आईला आणि मुलांना घेऊन पुढे व्हा. कोयनानगरला थांबा. आम्ही येतो." मुलं गेली. फणस तेवढा आमच्याकडे राहिला.

तेवढ्यात वर चढणारी एसटी शेजारी मंदावली आणि ड्रायव्हरने खिडकीतून मुंडी काढून विचारलं, "काय पाव्हणं, लाक झाली व्हय? पंपावर वलं फडकं टाका, सुटंल."

लॉक म्हणजे काय हे हल्लीच्या गाडीवाल्यांना माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. त्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला. टाकी मागे. पंप मागून पेट्रोल ओढायचा. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. त्यात घाटात इंजिन जोरात, गाडी हळू, वारा नाही. नळीत पेट्रोलच्या जागी वाफ जमते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. गाडी बंद केल्यावर तर पंखाही थांबतो आणि पंप आणखी तापतो. आताच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि दाबाने पुढे ढकलतो, म्हणून हा प्रकार उरला नाही.

तर पंचा भिजवला, पंपावर ठेवला. चर्र झालं, वाफ आली. पुन्हा भिजवला. पंप हाताला गार लागेपर्यंत थांबलो. बायकोने किल्ली मारली. काही नाही. इथे शंभरातले नव्वद लोक पंचा भिजवत बसतात. मिस्त्रींनी सांगितलेलं बायकोलाच आठवलं: "आधी करंट बघायचा होता ना?" प्लगची एक वायर काढली, कोरड्या पंचाची घडी करून धरली, टोक इंजिनाच्या लोखंडापासून बोटाच्या पेरभरही नाही इतकं जवळ नेलं (पेट्रोलचा वास येत असेल तर हे अजिबात करू नका) आणि तिला म्हटलं, मार. ठिणगी निळी, कडक, टकटक वाजणारी हवी. आली ती पिवळसर, मरगळलेली, मधूनच गायब होणारी.

कंडेन्सर. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची नळी, एक वायर, एक स्क्रू. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडून ते जळू नयेत हे तिचं काम. आणि ती खराब व्हायला लागली की गार असताना गुमान चालते, तापली की दगा देते. म्हणजे लक्षण हुबेहूब लॉकसारखं! तापल्यावर बंद, अर्ध्या तासाने चालू. लोक ओलं फडकं टाकतात, थांबतात, तेवढ्यात कंडेन्सरही निवतो, गाडी सुटते आणि श्रेय फडक्याला मिळतं. पुढच्या घाटात पुन्हा तेच. मग 'खटारा आहे' म्हणून गाडी विकतात. मला खात्री आहे, त्या काळात विकल्या गेलेल्या कितीतरी फियाटी पाचपन्नास रुपयांच्या त्या नळीपायी गेल्या.

डिकीतला नवा काढला. तोवर उजेड कमी झाला होता. बायकोने टॉर्च धरली. स्क्रू एवढासा असतो की खाली पडला तर घाटात परत मिळणं अशक्य, म्हणून तिने आपला रुमाल डिस्ट्रिब्युटरखाली पसरला. स्क्रू पडलाच, रुमालात पडला. पॉइंट साफ केले, कॅप बसवली, तिने किल्ली मारली आणि गाडी अर्ध्या फेरीत चालू झाली. आम्ही दोघं काही बोललो नाही. दगड काढले आणि निघालो.

कोयनानगरला मंडळी चहा-भजी खात होती. साडू म्हणाले, "नशीब चांगलं म्हणायचं." हे मला आजही मान्य नाही. कंडेन्सर डिकीत होता तो नशिबाने नव्हता. मी रविवारच्या दुपारी गॅरेजात बसलो ते नशिबाने नव्हतं. नशिबावर तर ते होते. त्यांच्या गाडीत जॅक कुठे आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, स्टेपनीत हवा आहे का हे त्यांनी घेतल्यापासून बघितलं नव्हतं. गाडी नवी होती म्हणून ते जबाबदार ठरले आणि माझी जुनी होती म्हणून मी बेजबाबदार, हा हिशोब मला कळलेला नाही. नवी गाडीही पंक्चर होते. तिचाही बेल्ट तुटतो.

आणि पैशाचं. त्यांचे हप्ते चालू होते त्या वर्षांत मी कराडच्या विद्यानगरला प्लॉटचे पैसे भरले. घर तिथेच आहे. पद्मिनीने सहा-सात वर्षं साथ दिली, पुढे मुलांच्या शिक्षणाला पुण्याच्या खेपा वाढल्या तेव्हा विकली. तिला भंगार म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की मुंबईत ती टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. बंद पडली तरी कुठल्याही तालुक्याच्या गावी माणूस तिला उघडू शकत होता आणि सुटा भाग कुठेच नाही मिळाला तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळायचा. त्याला मी भरवसा म्हणतो.

आता तुमच्या गाडीचं. तुमची २०१० च्या आसपासची असणार, म्हणजे इंजेक्शनची, पेट्रोल मोजून फवारण्याचं काम कॉम्प्युटर करतो अशी. तिच्यात पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही. ती बंद पडते ती कॉइलमुळे, एखाद्या सेन्सरमुळे, टाकीतल्या पंपामुळे किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरीमुळे. काड्यापेटीने काही होणार नाही. त्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोष वाचणारा स्कॅनर लागतो, पण साधा स्कॅनर आता मोबाइलला जोडता येतो आणि तो वापरायला शिकणं पॉइंट लावण्यापेक्षा सोपं आहे. शिका.

काही गोष्टी मात्र मी आधीच सांगायला हव्या होत्या असं तुम्ही म्हणाल, त्या सांगतो. चालू न होणारी गाडी परवडते, न थांबणारी परवडत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि तळाचा गंज यात दोष असेल तर फुकट मिळाली तरी नको. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण लागतं. २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं, वर पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी पास झाली पाहिजे. हे सगळं मालकाकडून करून घ्या किंवा किमतीतून वळतं करा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. त्या वयाच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत, ते बदलून घ्या. आणि सर्वांत मोठं: त्या काळच्या स्वस्त मॉडेलांत बहुधा ना एअरबॅग, ना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय). एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली २०१९ मध्ये. रोज रात्री हायवेने लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि नवी घ्या. पण मग कारण एअरबॅगचं सांगा. बंद पडण्याचं सांगू नका.

मालकाला भेटाल तेव्हा एवढं विचारा: गाडी गार असताना बंद पडते की तापल्यावर? चढावर की सिग्नलला? पावसात की कोरड्यात? बंद पडल्यावर किती वेळाने चालू होते? या प्रश्नांची तो नीट उत्तरं देऊ शकला तर त्याने गाडी निगुतीने वापरली आहे, पैसे द्या. 'मला काय माहीत, गॅरेजवाल्याला विचारा' म्हणाला तर आमच्या साडूंच्याच जातकुळीतला माणूस आहे. त्याच्याकडून नवी गाडीसुद्धा घेऊ नका.