ओपन सोर्स प्रकल्पात काम करताना आपली राजकीय मते लपवावीत का?

आपण विचारले आहे की, एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाला पॅच (सुचवलेले बदल) पाठवण्यास नुकतीच सुरुवात केली असून, त्याची आचारसंहिता वाचल्यापासून, स्वतःच्या खात्यावर राजकीय मते लिहिल्याबद्दल आपल्याला काढून टाकतील की काय, अशी धास्ती वाटते. मी बरीच वर्षे अशा प्रकल्पांत काम करतो आहे, काही काळ मेंटेनर, म्हणजे आलेले बदल तपासून स्वीकारणारा व प्रकल्प सांभाळणारा, म्हणूनही केले आहे. मते लपवण्याची गरज नाही, असेच मी सांगेन. मात्र संहितेतील दोन वाक्ये नीट वाचावीत.

पुष्कळ प्रकल्प संहिता स्वतः लिहीत नाहीत. २०१४ मध्ये कोरलाइन एडा एम्की यांनी तयार केलेला ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ हा मसुदा घेतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलच्या प्रकल्पानेही सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचाच आधार घेतला. त्याच्या २.१ आवृत्तीत निषिद्ध वर्तनाच्या यादीत ‘वैयक्तिक किंवा राजकीय हल्ले’ आहेत. राजकीय मत बाळगणे किंवा मांडणे त्या यादीत नाही. दुसरे वाक्य व्याप्तीचे आहे. संहिता प्रकल्पाच्या सर्व जागांत लागू होते आणि बाहेर केवळ आपण प्रकल्पाचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून बोलत असताना. कशावरूनही कोणाचा छळ होऊ नये, हे सांगताना याच आवृत्तीत वंश आणि धर्म यांच्या जोडीला ‘जात’ हा शब्दही आहे, आणि आडनाव ऐकताच माणसाची जात ताडणाऱ्या आपल्या समाजात त्या एका शब्दाचे मोल मला फार वाटते.

मत आणि हल्ला यांतला फरक मला एका भाषांतर प्रकल्पात समजला. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यावर एकाने शहरांच्या यादीतील नाव बदलणारा पॅच पाठवला आणि दुसऱ्याने त्याला हरकत घेतली. दोघांच्याही भूमिका उघड राजकीय होत्या. वाद तीन दिवस चालला, पण मी एकाही प्रतिसादाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी पॅच पाठवणाऱ्याने समोरच्याच्या आडनावावरून त्याचा धर्म काढला आणि ‘तुमच्या लोकांनी’ या शहराबद्दल बोलू नये, असे लिहिले. तो प्रतिसाद मी त्याच रात्री काढला आणि लिहिणाऱ्याला खासगीत कारण कळवले. पॅच मात्र स्वीकारला गेला, कारण शासकीय अधिसूचनेतील नाव मुख्य ठेवायचे, हा नियम आमच्याकडे आधीपासून होता. जुने नाव शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी पर्यायी म्हणून ठेवले.

तरीही आपली भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये ओपल या, रुबी ह्या प्रोग्रॅमिंग भाषेशी संबंधित प्रकल्पातील एका मेंटेनरने पारलिंगी व्यक्तींविषयी ट्विटरवर मांडलेल्या मतांवरून त्याला काढावे, अशी मागणी खुद्द एम्की यांनीच केली होती. प्रकल्पाने ती मानली नाही आणि माझ्या मते तेच योग्य झाले, जरी ती मते मला मुळीच पटत नसली तरी. माणसाचे बाहेरचे बोलणे तपासत बसणे हे मेंटेनरचे काम होऊ नये; ते बोलणे प्रकल्पात येऊन एखाद्या सहकाऱ्याच्या वाटेत उभे राहिले, तर मात्र त्याने क्षणभरही थांबू नये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या मेंटेनरांच्या यादीतून काही रशियन नावे वगळली गेली, त्याचे उदाहरण अनेकजण देतात. पण ते रशियावरील निर्बंधांच्या कायद्यामुळे झाले, आचारसंहितेमुळे नव्हे. राजकारण खरोखर कुठे शिरता कामा नये, हे मार्च २०२२ मध्ये दिसले. ‘नोड-आयपीसी’ या पॅकेजच्या (इतर प्रोग्रॅममध्ये वापरला जाणारा तयार कोड) मेंटेनरने युक्रेन युद्धाच्या निषेधार्थ, रशिया व बेलारूसमधील आयपी (इंटरनेटवरील) पत्त्यांवरून चालणाऱ्या संगणकांवरील फायली पुसून टाकणारा कोड त्यात घातला. ज्यांनी विश्वासाने ते पॅकेज घेतले, त्यांच्याशी केलेला हा द्रोह होता, मग त्यामागची भावना कितीही प्रामाणिक असो.

आपल्या प्रकल्पापुरते एक अवश्य पाहा: तक्रार कोणाकडे करायची, ते संहितेत लिहिले आहे का? मूळ मसुद्यात त्या ठिकाणी संपर्क भरण्यासाठी चौकटी कंसात जागा सोडलेली असते आणि कित्येक प्रकल्पांत ती तशीच राहून जाते. तशी आढळली, तर ती भरावी म्हणून प्रकल्पाच्या पानावर एक इश्यू (नोंद) उघडा.