वजन अडले म्हणून भाकरी आणखी कमी करावी का?

कमी कर्बोदकांचा आहार सुरू केलेल्यांच्या पत्रांत एकच गोंधळ पुनःपुन्हा दिसतो. सुरुवातीला भराभर उतरलेले वजन पुढे रेंगाळले की आहाराचा उपयोग संपला, असे समजून ताटातले आणखी काही काढून टाकले जाते. अशाच काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : पहिल्या दहा दिवसांत तीन किलो उतरले, पुढच्या महिनाभरात जेमतेम एक. काय चुकते आहे?

बहुधा काहीच नाही. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीराने राखून ठेवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. पोळी-भात कमी केल्यावर तो साठा घटतो आणि पाणी लघवीवाटे निघून जाते, म्हणून पहिल्या तीन किलोंत पाण्याचा वाटा मोठा असतो. ‘दहा दिवसांत पाच किलो’ अशा जाहिराती याच पाण्याच्या जोरावर चालतात. चरबी सावकाशच उतरते आणि महिन्याला एक-दोन किलो ही चांगली गती आहे.

प्रश्न : वजन रोज करावे का?

सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर करावे. मात्र निर्णय आठवड्याच्या सरासरीवरूनच घ्यावा. पाळीच्या आधी किंवा खारट जेवणानंतर आकडा वाढला, तर ती चरबी नव्हे. कंबरही दर पंधरा दिवसांनी मोजावी : शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडल्यावर.

प्रश्न : उपवासाला साबुदाणा चालेल ना?

नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणजे कर्बोदकेच आहेत.

प्रश्न : मला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो. वजन अडल्यामुळे रात्रीची भाकरीही सोडली. आता पहाटे घाम येतो, हात थरथरतात. शेजारी म्हणतात, चरबी जळते आहे.

शेजाऱ्यांचे ऐकू नका. ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे असण्याची दाट शक्यता आहे, आणि अशी पत्रे वाचताना मला सर्वाधिक काळजी वाटते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात भाकरी गेलेली असो वा नसो. त्यामुळे आहारातील कर्बोदके कमी झाली की गोळीचा डोसही डॉक्टरांकडून तपासून घ्यावाच लागतो, आणि इन्सुलिनच्या बाबतीतही हेच लागू आहे. लक्षणे जाणवताच ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ती ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. डॉक्टरांना आजच फोन करा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका आणि गोळी मनाने बंदही करू नका. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आहार सुरूच करू नये. त्यांच्या बाबतीत साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक प्रमाणात आम्ल साचू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : दोन महिने वजनही हलत नाही, कंबरही. ‘लो-कार्ब’ (कमी कर्बोदकांचा) आटा घेऊ का?

आधी आठवडाभर खाल्लेले सगळे लिहून काढा, चटणीतले तेलसुद्धा. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २८० कॅलरी असतात, आणि येता-जाता तोंडात टाकलेली मूठ कोणी मोजत नाही. आट्याच्या पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची वाचा : घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, तेव्हा गहू पहिला असेल तर जादा पैसे कशाचे? बदल एका वेळी एकच करा आणि त्याला तीन आठवडे द्या. थकवा, बद्धकोष्ठता किंवा थंडी सहन न होणे अशा तक्रारी सोबत असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. ही तपासणी पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

प्रश्न : प्रोटीन पावडर घ्यावी का?

मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.