आरोग्य प्रश्नोत्तरे : बसलेले नाक आणि बंद नाकपुडी

प्रश्न : माझा एकवीस वर्षांचा मुलगा खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या तालमीत कुस्ती करतो. दोन वर्षांपूर्वी जोडीदाराचे डोके त्याच्या नाकावर आदळले. तेव्हापासून नाक मध्ये खचले असून डावी नाकपुडी बंद असते. दोन्ही दोष एकाच शस्त्रक्रियेत सुधारतील का? नातेवाईक म्हणतात, पुरुषाने दिसण्यासाठी नाक कापून घेऊ नये.

उत्तर : बहुतेक वेळा सुधारतात, आणि ते एकत्रच सुधारणे श्रेयस्कर, कारण बाहेरचा खळगा व आतला अडथळा यांचे मूळ सहसा एकाच जागी, म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्यात असते. माराने पडद्याच्या आवरणाखाली रक्त साकळले व ते वेळेत काढले नाही, तर कूर्चेचे, म्हणजे पडद्यातील लवचीक मऊ हाडाचे, पोषण तुटते, ती झिजते आणि तिच्यावर तोललेले नाक आढे मोडलेल्या छपरासारखे बसते. म्हणून मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या चोंदल्या आणि ठणका वाढत गेला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, हे तालमीतील इतर मुलांनाही अवश्य सांगावे.

आता प्रश्न पुनर्रचनेचा आहे. तपासणीत समोरून, दोन्ही बाजूंनी व खालून छायाचित्रे घेतात, दुर्बिणीने आतला भाग पाहतात आणि नाकाचा शेंडा बोटाने दाबतात. तो विरोध न करता आत गेला, तर पडद्याचा आधार कमकुवत झाला आहे असे समजावे. गाल हलकेच बाहेर ओढल्यावर श्वास मोकळा झाला, तर नाकातील सर्वांत अरुंद जागा, म्हणजे झडप, हीदेखील दोषी असू शकते. अशा वेळी नुसता वाकडा पडदा कापून काढल्यास उरलासुरला आधार जाऊन खळगा वाढण्याचा धोका असतो. पडद्यात पुरेशी कूर्चा शिल्लक नसेल, तर ती कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. आपल्या मुलासाठी कोठून घेणार, हे शल्यविशारदांना आधीच विचारावे.

नातेवाइकांना कावसजीची हकीकत सांगावी. इंग्रजांच्या फौजेतील हा बैलगाडीवान टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याकडच्या एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडवले. 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात ही हकीकत छापून आली आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने तशाच शस्त्रक्रिया करून 1816 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तो गाडीवान काही नटण्यामुरडण्यासाठी बसला नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडाभर नाकावर आधारपट्टी असते. सूज मात्र पूर्ण उतरायला वर्षही लागू शकते. आखाड्यात परतण्याची मुदत शल्यविशारदांनीच ठरवावी, ती काही महिन्यांची असते. निपाणी भाग तंबाखूचा असल्याने सांगतो : विडी, तंबाखू, मिश्री हे सारे शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून बंद हवे, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरत नाही. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीला जाताना मार लागण्यापूर्वीचे मुलाचे एखादे छायाचित्र सोबत न्यावे.