एकवीस क्रेडिटांचं सेमिस्टर

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी आईचा प्रश्न होता: "मुलगी प्रीमेड आहे, दुसरं वर्ष. बायॉलॉजी आणि कम्प्युटर सायन्स असा डबल मेजर करतेय. येत्या स्प्रिंगला २१ क्रेडिट घेणार म्हणते. एवढं ओझं पेललेलं दिसलं तर मेडिकल स्कूलवाल्यांवर छाप पडेल ना?" वडिलांना तर शंकाच नव्हती. जास्तीचा अभ्यास कधी वाया जात नाही, असं त्यांचं ठाम मत. (अमेरिकेत मेडिकलला प्रवेश पदवीनंतर मिळतो; त्या तयारीतला विद्यार्थी म्हणजे प्रीमेड. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

छाप पडते ती ग्रेडची. क्रेडिटांच्या, म्हणजे कोर्सच्या वजनाच्या, संख्येला वेगळे गुण नाहीत. १६ क्रेडिटांत सगळे ए आणि २० क्रेडिटांत सगळे ए, यांत दुसऱ्याला फार तर एक कौतुकाची नजर मिळेल. पण २० क्रेडिटांत बी आला, तर तो बी म्हणूनच मोजला जातो. ओझं जास्त होतं म्हणून कुणी त्याला ए मायनस धरत नाही.

मुलीकडून आधी दोन्ही ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजांची गुणपत्रकं, मागवली. दोन्ही, कारण बारावीत असताना तिने कम्युनिटी कॉलेजातून कॅल्क्युलस १ केला होता: ४ क्रेडिट, ग्रेड बी. "ते हायस्कूलमधलं, ते कशाला धरतील?" असं घरच्यांना वाटत होतं. ॲमकॅस, म्हणजे बहुतेक एमडी कॉलेजांचा सामायिक अर्ज, ते धरतो. शाळेत असताना घेतलेला असला, तरी कॉलेजचा प्रत्येक कोर्स त्यात लिहावा लागतो आणि त्याची ग्रेड मोजली जाते. एपी परीक्षेतून (हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षेतून) मिळालेल्या क्रेडिटांना ग्रेड नसते, म्हणून ती हिशेबात येत नाहीत. ड्युअल एनरोलमेंटची, म्हणजे शाळेत असतानाच घेतलेल्या कॉलेजच्या कोर्सची, येतात. ही गफलत भारतीय घरांत फार दिसते, कारण आपल्याकडची मुलं हायस्कूलमध्येच असे कोर्स हौसेने घेतात.

पहिलं वर्ष छान होतं: ३३ क्रेडिट, जीपीए (ग्रेडची सरासरी, ए म्हणजे ४) ३.९०. दुसऱ्या वर्षाच्या फॉलला (पहिल्या सेमिस्टरला) मात्र १९ क्रेडिट. ऑर्गॅनिक केमिस्ट्री ४ क्रेडिट, बी. फिजिक्स ४, बी प्लस. सेल बायॉलॉजी ४, ए मायनस. डेटा स्ट्रक्चर्स ४, ए मायनस. स्टॅटिस्टिक्स ३, ए. सेमिस्टरचा जीपीए ३.५२. विद्यापीठाच्या पोर्टलवर एकूण ३.७६ दिसत होता, म्हणून घरात कुणी दचकलं नव्हतं.

ॲमकॅसच्या पद्धतीने मांडलं की चित्र बदलतं. कॅल्क्युलसचा बी धरून एकूण ३.७१. आणि बीसीपीएम, म्हणजे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीए, ३.६३. गेल्या काही वर्षांत एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एकूण जीपीए ३.७५ ते ३.८ च्या घरात आहे, आणि एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, ५११-५१२. ३.६३ ने दार बंद होत नाही, पण आणखी एक असं सेमिस्टर परवडणारं नव्हतं.

आता गंमत बघा. त्या सेमिस्टरमध्ये तिचे सगळ्यात जास्त तास खाल्ले डेटा स्ट्रक्चर्सने. दर आठवड्याला प्रोग्रॅमिंगची असाइनमेंट, रात्री दोनपर्यंत डीबगिंग. आणि कम्प्युटर सायन्स बीसीपीएममध्ये येतच नाही, ते 'इतर' विषयांत पडतं. म्हणजे ज्या विषयासाठी ऑर्गॅनिकचा वेळ गेला, त्याने विज्ञानाच्या जीपीएला एका पैशाची मदत केली नाही. स्टॅटिस्टिक्स मात्र गणितात धरतात.

स्प्रिंगच्या २१ क्रेडिटांचा आठवडा तिला कागदावर मांडायला सांगितला. ऑर्गॅनिक २, फिजिक्स २, जेनेटिक्स, कम्प्युटर आर्किटेक्चर, सायकॉलॉजी आणि २ क्रेडिटांचं रिसर्च. लेक्चर १६ तास. लॅब तीन: ऑर्गॅनिकची ४ तास, बाकी दोन ३-३ तास. रिसर्च ६ तास. झाले ३२ ठरलेले तास. लेक्चरच्या तासाला बाहेर दोन तास अभ्यास धरला की आणखी ३२. लॅब रिपोर्टचे ८. एकूण ७२, आणि यात जेवण, झोप, बस, परीक्षेचा आठवडा काहीच नाही. हॉस्पिटलमधलं स्वयंसेवेचं काम कुठे लिहिलंस, असं विचारल्यावर कळलं की ते तिने ऑक्टोबरमध्येच बंद केलं होतं.

ओझ्याचा खरा भुर्दंड इथे बसतो. अर्जात जास्तीत जास्त १५ उपक्रम लिहिता येतात, आणि प्रत्येकापुढे कधीपासून कधीपर्यंत आणि एकूण किती तास हे भरावं लागतं. पेशंटच्या आसपास घालवलेले तास आठ-नऊ महिने शून्य असले, तर ते तारखांतूनच दिसतं. शिफारसपत्रांचंही तसंच. बऱ्याच कॉलेजांना विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात. जी मुलगी ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत) एकदाही गेली नाही, तिच्याबद्दल दोनशे जणांच्या वर्गातला प्राध्यापक तिची ग्रेड सोडून काय लिहिणार? शिवाय एमकॅटच्या तयारीला साधारण ३०० तास लागतात. ते असल्या सेमिस्टरच्या फटीत बसत नाहीत.

वडिलांचा मुद्दा मोडीत काढायचं कारण नव्हतं. त्यांच्या वेळी महाराष्ट्रात बारावीच्या पीसीबीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं, आणि आज तिथे नीटच्या ७२० पैकी किती, एवढ्यावर ठरतं. दोन्हीकडे एकच आकडा, म्हणून जितकं जास्त घासाल तितकं बरं, हे गणित तिथे चालतं. अमेरिकेत अर्ज वाचणाऱ्यापुढे वर्षवार जीपीएचा तक्ता असतो, आणि दुसऱ्या वर्षाची ओळ खाली गेलेली त्यात लगेच दिसते.

उलट टोकही वाईटच. दर सेमिस्टरला १२ क्रेडिट आणि एका वेळी एकच विज्ञान विषय असा रेकॉर्ड असला, की मेडिकल स्कूलचं पहिलं वर्ष हिला झेपेल का, ही शंका येते. १५-१६ क्रेडिट आणि त्यात लॅबसकट दोन विज्ञान विषय, हे पुरेसं वजनदार मानलं जातं. आठवड्याला २० तास नोकरी करणाऱ्याला १३ क्रेडिटही चालतील, फक्त ती नोकरी उपक्रमांत तासांसह लिहायला हवी. जादा ओझं खरोखर कामी येतं ते एका जागी: सुरुवातीची ग्रेड वाईट असली आणि नंतरच्या भरगच्च सेमिस्टरमध्ये सगळे ए आले, तर.

मुलीने डबल मेजर सोडला आणि कम्प्युटर सायन्सचा मायनर, म्हणजे छोटा दुय्यम विषय, केला. कम्प्युटर आर्किटेक्चर आणि रिसर्चची क्रेडिट काढली आणि १५ वर आली. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच काढली, हे बरं झालं. ॲड-ड्रॉपच्या मुदतीत काढलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर राहत नाही. मुदत टळली की डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, लागतो. एखादा डब्ल्यू जीपीएत मोजला जात नाही आणि त्याने कुणाचं अडतही नाही. दर वर्षी एक दिसू लागला, की प्रश्न येतात. विषय पास-फेल (ग्रेडऐवजी फक्त पास की नापास) करण्याची पळवाटही तिने विचारली होती. सक्तीच्या विज्ञान विषयांत ती नकोच, बहुतेक कॉलेजांना तिथे ग्रेड लागते.

ऑर्गॅनिकचा बी पुन्हा देऊन ए करावा का? नाही. ॲमकॅस दोन्ही वेळच्या ग्रेड मोजतो. डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घ्यायची, तीही सवलत २०१७ पासून गेली. तोच वेळ बायोकेमिस्ट्रीत घातलेला बरा.

स्प्रिंगला ऑर्गॅनिक २ मध्ये ए मायनस, फिजिक्स, जेनेटिक्स आणि सायकॉलॉजीत ए. बीसीपीएम ३.६९ झाला. एका अख्ख्या चांगल्या सेमिस्टरने सहा शतांशच वाढले, यावर आई जरा हिरमुसल्या. क्रेडिट साठत जातात तसा आकडा जड होत जातो. फॉलनंतरच्या ३.६३ वरून ३.७५ गाठायला विज्ञानाची १९ क्रेडिट सलग ए लागत होती.

शेवटी आईंनी विचारलं, उन्हाळ्यात कोर्स घेऊन तीन वर्षांत पदवी आटपली तर? अर्ज प्रवेशाच्या वर्षभर आधी, जूनच्या सुमारास जातो. म्हणजे तीन वर्षांचा बेत असेल, तर अर्जात फक्त चार सेमिस्टरच्या ग्रेड, आणि त्यांतली एक ३.५२ ची. एच-४ वरची (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरची) मुलं वयाची २१ पूर्ण व्हायच्या आत पदवी उरकायची घाई करतात, पण तो व्हिसाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठायला हवं. ही मुलगी इथलीच नागरिक. तिला चौथं वर्ष घ्यायला सांगितलं, आणि हॉस्पिटलचं काम जूनपासून पुन्हा, आठवड्याला चार तास.